साहेब येणार म्हणून

धुरपता कुणाच्या वाटेला जाणारी बाई नव्हती, आणि सरकारच्या तर मुळीच नाही. रॉकेलच्या रांगेत उभं राहणं आणि मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेणं, यापलीकडे तिचा सरकारशी कधी संबंध आला नव्हता. वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे या गावात स्टेशनच्या अंगाला कवेलूंच्या छपरांची घरं आहेत, त्यातल्या अगदी शेवटच्या घरात ती राहायची. नवरा काविळीनं गेला तेव्हा तिचा पोरगा ताराचंद मांडीवर होता. माहेरच्यांनी पाट लावून देतो म्हटलं, हिनं नको म्हटलं, आणि त्याच हंगामात ती कापसाच्या जिनात कामाला लागली. भोंगा झाला की जायची, दिवसभर सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, रेच्यात, कापूस टाकायची, आणि दिवेलागणीला केसांत, भुवयांत, लुगड्याच्या पदरात कापूस घेऊन परतायची. हंगाम सरला की निंदणाला, तेही नसलं तर कुणाच्या अंगणात धान्य पाखडायला. घरी बसून राहण्याची चैन तिला परवडणारी नव्हती आणि तिनं ती कधी मागितलीही नाही.

ताराचंद त्यामुळे आपला आपणच वाढला. दुपारची भाकर टोपल्याखाली झाकलेली असायची. ती खायची, वाटलं तर शाळेत जायचं, नाही वाटलं तर रुळांच्या कडेला जाऊन बसायचं. वाया गेलेला म्हणावा असा तो पोरगा नव्हता, उलट जरा जास्तच मुका होता. पण रुळांच्या कडेला बसणाऱ्या पोरांना काहीतरी उद्योग लागतोच, आणि तिथला उद्योग कोळशाचा होता. मालगाडी सिग्नलला थांबली की थोरली पोरं वाघिणीवर चढून कोळसा खाली लोटत, धाकटी तो पोत्यात भरत. चहावाले तो घ्यायचे आणि कुठून आणला म्हणून विचारायचे नाहीत. त्या कोळशावर उकळलेला चहा गावातल्या भल्याभल्या प्रतिष्ठितांनी मिटक्या मारत प्यायला आहे. पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतर एके दुपारी रेल्वे पोलिसांनी घेरलं तेव्हा थोरली पोरं पसार झाली, आणि पोत्याचं तोंड धरून उभा असलेला ताराचंद तेवढा सापडला. बारा वर्षांचं पोर ते. पळावं, एवढंही त्याला सुचलं नाही.

वर्ध्याला मुलांच्या कोर्टात त्याला उभं केलं. मॅजिस्ट्रेट साहेब समजूतदार होते. पहिलाच गुन्हा आहे, वयही लहान आहे, असं म्हणून त्यांनी त्याला वर्षभराच्या देखरेखीवर आईच्या ताब्यात दिलं. देखरेखीच्या अटी कारकुनानं वाचून दाखवल्या. चांगलं वागायचं, वाईट संगत धरायची नाही, न विचारता गाव सोडायचं नाही, शाळा बुडवायची नाही, अभ्यास नीट करायचा, आणि देखरेखीचे अधिकारी भेटीला येतील तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं. यातलं काही मोडलं तर पोराची रवानगी सुधारगृहात. कारकुनानं हे सगळं अशा घाईनं वाचलं, की जणू त्याची गाडी सुटत होती. ताराचंद बाजूला उभा राहून छताच्या पंख्याकडे पाहत होता. धुरपताच्या डोक्यात एवढंच राहिलं, की चुकलं तर पोरगं नेतील. तिनं अंगठा दिला, पोराचं मनगट धरलं आणि ते स्टेशन येईपर्यंत सोडलं नाही.

देखरेखीचे अधिकारी म्हणजे वासुदेवराव. आमच्याकडे त्यांना 'पोबेशन साहेब' म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही त्यांचा राग येईल, आणि मला तर अजून येतो. आर्वीपासून हिंगणघाटापर्यंतची पोरं एकट्याच्या गळ्यात. एसटी मिळेल तेव्हा एसटी, नाहीतर पॅसेंजर, नाहीतर पायी. सावलीला एक छत्री आणि जवळ डब्यात दोन पोळ्या. अशा माणसानं अमक्या दिवशी येतो असं कबूल करणं शक्यच नव्हतं. महिन्याच्या पहिल्या हप्त्यात येईन, एवढंच ते सांगत, आणि तेही कधी दुसऱ्या हप्त्यावर जाई.

पहिल्यांदा आले तेव्हा घराला कुलूप. विचारत विचारत ते जिनावर गेले, धुरपताला बाहेर बोलावलं. ती म्हणाली पोरगा शाळेत आहे. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेत गेले, तर तिथं तो नव्हता. शेवटी तो रुळांजवळ बाभळीखाली एकटाच बसलेला सापडला. कोळसा नाही, संगत नाही, नुसताच बसलेला. या शोधाशोधीत वासुदेवरावांची परतीची पॅसेंजर गेली, आणि उन्हानं टाळकं तापलेलं होतं. ते पोराला घेऊन घरी आले, तोवर जिनातून परतलेल्या धुरपताला म्हणाले, "बाई, मी पुन्हा येईन. कधी ते सांगता येत नाही. पण येईन तेव्हा पोरगा मला घरी दिसला पाहिजे. नाही दिसला, तर मला कोर्टाला तसं लिहावं लागेल."

झालं. कोर्टातल्या सगळ्या अटी एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. कारकून काय वाचत होता ते धुरपताला धड कळलंही नव्हतं, पण हे समोर उभं राहून, बोट दाखवून सांगितलेलं होतं. आणि आमच्याकडे घरी येणाऱ्या साहेबाचा शब्द म्हणजे छापील कायद्याच्या वरचा. तलाठी येणार म्हटलं तरी लोक शेत सोडून बांधावर उभे राहतात. हा तर पोरगं नेऊ शकणारा साहेब.

पुढचा महिना लागला तशी ती तयारीला लागली. मुलगी पाहायला पाहुणे यावेत तसा थाट. अंगण सारवलं, बाज बाहेर काढून तिच्यावर धुतलेली गोधडी टाकली, मंदाबाईकडून कानाची कपबशी मागून आणली. मंदाबाई म्हणजे तिची शेजारीण, जिनातही शेजारच्याच रेच्यावर असायची. ताराचंदला घासून आंघोळ, डोक्याला तेल, भांग पाडलेला, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्याला शाळेत धाडलं नाही. तो शाळेत गेला आणि नेमके साहेब आले तर? पुन्हा बाभळीखाली जाऊन बसला तर? त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तीही कामावर गेली नाही. दोघं दाराशी बसून राहिली. त्या दिवशी साहेब आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आले तेव्हा आठवडा संपत आला होता.

वासुदेवरावांना पोरगा घरात पाहून बरं वाटलं. शाळेपर्यंतची पायपीट वाचली, पॅसेंजरही मिळणार होती. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, की आज शाळेत कसा नाही गेला. तुमी येणार म्हून ठेवला, असं धुरपता हात जोडून म्हणाली. ते हसले, बरं बरं म्हणाले, ताराचंदच्या पाठीवर थाप मारली आणि छत्री उचलून निघाले. आजची सकाळच तेवढी बुडली असेल, असं त्यांनी धरलं. सोमवारपासून हेच चाललंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. साहेब हसून गेले, म्हणजे आपलं बरोबर चाललंय, एवढंच तिनं त्यातून घेतलं.

मग दर महिन्याला हेच. महिना पालटला की माय-लेक घरी. मुकादम कुरकुरायचा, दुसरी बाई पाहतो म्हणायचा. मंदाबाई मधे पडून कसंबसं निभावून न्यायची. एकदा मंदाबाईनंच काढलं, की अगं, पोराची शाळा बुडून राह्यली त्याचं काय? धुरपता तिच्यावरच उखडली. शाळा काय पळून जाते का, पोरगं नेलं तर तू आणून देशील का, असं तिनं विचारलं. 

घरी रिकामं बसवलेलं साहेबांना आवडणार नाही, म्हणून धुरपता त्याला हातात पुस्तक घेऊन बसवायची. पोरगा उंबऱ्यावर, मांडीवर पुस्तक उघडं. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे तीन-तीन दिवस एकच पान उघडं आहे हे तिला कळायचं नाही. ती तुरी निवडत बसायची, त्याच्या बापाच्या गोष्टी सांगायची. तो पोळ्याला बैलांपुढं कसा नाचे, लग्नात त्याच्या पायात कुणाच्या चपला होत्या. दुपारी तव्यावरची भाकर थेट त्याच्या ताटात पडायची, वर चून, म्हणजे बेसनाचं पिठलं. ताराचंद फारसं बोलायचा नाही, पण खायचा मात्र पोटभर. सकाळी तिचा पाय जिनाकडे वळू लागला की तो हळूच म्हणायचा, "माय, साहेब अजून आले कुठं?" की ती पुन्हा बसायची.

इकडे शाळेत काय व्हायचं, ते सांगायलाच नको. सहावीचा वर्ग, साठ पोरं, अण्णाजी मास्तर. मास्तरांचं गणित सोपं होतं. गृहपाठ केला तो बसेल, नाही केला तो अंगठे धरील, आणि वर पाठीत छडी. ताराचंद आठवड्यानं वर्गात जायचा तेव्हा अपूर्णांक संपून दशांश सुरू झालेले असायचे. त्याला ना मागचं यायचं, ना पुढचं कळायचं. का आला नाहीस म्हणून विचारलं तर तो गप्प. कोर्टाचं सांगितलं तर वर्गात चोर म्हणतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग मार खायचा, आणि दुसऱ्या दिवशी मार चुकवायला पुन्हा बाभळीखाली. धुरपताला वाटायचं, साहेबांचा आठवडा सोडला तर पोरगा शाळेतच असतो. साहेब आले की तो घरी दिसत होता, कोळशाला हात लावत नव्हता, आणि तिच्या मते देखरेख म्हणतात ती हीच.

उन्हाळ्यात निकाल लागला, ताराचंद सगळ्या विषयांत नापास. शाळेनं वर्षभराची हजेरी आणि मास्तरांचा शेरा कळवला, तो वासुदेवरावांनी आपल्या अहवालाला जोडला, आणि कोर्टाचं बोलावणं आलं. वर्ष सरायला अजून काही महिने होते. धुरपता तर आनंदानंच गेली. तिची समजूत अशी, की पोरगं वेळेवर दिसत गेलं, आता ते मोकळं करणार. तिनं त्याला नवा शर्ट घेतला होता.

अहवाल वाचला गेला. मुलगा वारंवार शाळा बुडवतो, गृहपाठ कधीच करत नाही, परीक्षेत नापास. आई स्वभावानं चांगली आहे, पण दिवसभर मजुरीवर असते, त्यामुळे घरी मुलाकडे लक्ष देणारं कोणी नाही. हे शेवटचं वाक्य वासुदेवरावांनी पहिल्या भेटीनंतर लिहिलं होतं आणि दर महिन्याला तेच पुढं उतरवलं होतं. धुरपता ऐकत राहिली. आधी तिला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय. मग ताराचंदचं नाव पुन्हा आलं, तशी ती न विचारताच पुढं झाली.

"साहेब, शाळा बुडवून मीच त्याले घरी ठेवलं. ह्या साहेबांनी म्हणलं होतं, घरी दिसला पाहिजे म्हून. मी काम सोडून त्याच्यापाशी बसली, साहेब."

मॅजिस्ट्रेटांनी वासुदेवरावांकडे पाहिलं. वासुदेवराव म्हणाले, की भेटीच्या वेळी मुलगा समोर असावा एवढंच मी सांगितलं होतं, शाळा बुडवा असं कसं सांगेन? खरंच होतं ते. मास्तरांची हजेरी खरी होती, धुरपता खरं बोलत होती. त्या खोलीत खोटं असं कुणीच बोललं नाही, आणि याचाच मला जास्त संताप येतो. निदान एखादा लबाड असता, तर त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. वासुदेवरावांना तो चहा आणि ते 'बरं बरं' आठवलं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली आणि कागद उगाच नीट करत बसले. 

मॅजिस्ट्रेटांनी ताराचंदला जवळ बोलावून विचारलं, शाळा तुला आवडत नाही का, घरी का राहत होतास. तो आईकडे पाहत उभा राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी तो तिच्याकडेच पाहत राहिला. मग त्यांनी हळू आवाजात धुरपताला समजावलं, की बाई, तुमचा हेतू चांगला असेल, पण अभ्यासाची अट मोडली आहे, आणि तिथं राहून मुलाचं भलंच होईल. अठरा वर्षांचा होईपर्यंत सुधारगृह. ताराचंदला मागच्या दारानं नेलं. धुरपता समोरच्या दारात संध्याकाळपर्यंत बसून होती, शेवटी शिपायानं तिला उठवलं.

सुधारगृह लांबच्या जिल्ह्यात होतं, दोन गाड्या बदलून जावं लागे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा ती जायची. भेटीच्या खोलीत ताराचंद हात मागं बांधून उभा राहायचा आणि बस म्हटल्याशिवाय बसायचा नाही. तिनं नेलेला चिवडा तो आधी तिथल्या गुरुजींना दाखवायचा. तो उंच झाला, आवाज फुटला, सुतारकाम शिकला. तिथं त्याचे हाल झाले की नाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. धुरपता परत यायची ती स्वतःला बोल लावतच. गावातल्या बायाही काही कमी नव्हत्या. मायनंच लाडानं घरी बसवून पोराचं वाटोळं केलं, असं त्या विहिरीवर बोलत, आणि धुरपता ते ऐकून मान हलवायची. ती कुणाशी भांडली नाही. मलेच अक्कल नव्हती, असं ती मंदाबाईला इतक्यांदा म्हणाली, की शेवटी मंदाबाईनं तो विषयच टाळायला सुरुवात केली.

अठरा पुरे झाल्यावर ताराचंद सुटला. धुरपतानं घर शाकारून ठेवलं होतं, पोरगा आता घरी राहील म्हणून. तो चार दिवस राहिला. कुणी दारात आलं की तो ताडकन उठून उभा राहायचा. गावातले पाहायचे, कुजबुजायचे, आणि सुताराच्या कामाला कुणी त्याला हाक मारली नाही. पाचव्या दिवशी तो रायपूरकडे गेला. तिथं फर्निचरच्या कारखान्यात लागला, आणि वर्षादोन वर्षांतून कधी एक मुक्काम करून जाऊ लागला. यायचा, तिच्या पाया पडायचा, जेवायचा, जायचा. रागानं कधी बोलला नाही. त्यानं एकदा तरी आपल्याला शिव्या घालाव्यात असं तिला वाटायचं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात तो असाच न कळवता आला. जिनाचा हंगाम भरात होता, त्यामुळे ती कामावर गेलेली. संध्याकाळी येऊन पाहते तर तो अंधार पडत आलेल्या ओसरीवर बसलेला. तिनं चूल पेटवली, भाकर टाकली. तो जेवत असताना तिच्या मनात इतकी वर्षं साचलेलं बाहेर पडलं.

"माह्यानं चुकलं बाबू," ती म्हणाली. "मी अडाणी. तुले शाळेत धाडलं असतं त तुले त्यायनं नेलं नसतं."

ताराचंदनं हातातला घास ताटात ठेवला. "मले मालूम होतं, माय."

"काय मालूम होतं?"

"शाळा बुडवाची नाई म्हून. त्या कोर्टाच्या बाबूनं वाचलं तवाच समजलं होतं मले."

धुरपता त्याच्याकडे वळली. मग तिनं विचारलं, "त मंग सांगतलं काऊन नाई तू मले?"

"गणितं येत नसत. मास्तर मारे."

तिनं मान हलवली. हे तिला पटण्यासारखं होतं. मास्तरचा मार चुकवायला पोरं काय काय करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला थोडं हलकंही वाटलं, म्हणजे अगदीच सगळं आपल्यामुळे नाही. ती दुसरी भाकर उलटायला चुलीकडे वळली, आणि तो तिच्या पाठीशी म्हणाला, "आन तू घरी राहे ना दिवसभर. साहेब याचे असले म्हंजे. एरवी कवा राहे तू?"

तव्यावरची भाकर करपली, पण तिनं ती उलटली नाही.   त्यानं ताट धुऊन ठेवलं आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला. पहाटेच्या पॅसेंजरनं तो गेला, ती स्टेशनपर्यंत गेली होती.

सकाळी जिनाचा भोंगा झाला. मंदाबाईनं नेहमीप्रमाणे दारातून हाक मारली, तेव्हा धुरपता खांबाला टेकून बसली होती. "तू जाय," ती म्हणाली. "आज मी घरीच राह्यतो." मंदाबाईला वाटलं पोरगा आहे अजून, म्हणून ती बरं म्हणून पुढं गेली. धुरपता त्या दिवशी दिवसभर घरी बसून राहिली. घरात दुसरं कुणी नव्हतं.